पाळायला सोपा, आवरायला अवघड: नाशिकच्या घरात कॉन्व्हिक्ट सिक्लिड

माझी पहिली जोडी मी जोडी म्हणून आणलीच नव्हती. अंगावर काळे पट्टे असलेले दोन मासे दुकानात दिसले. दुकानदार म्हणाला, "घेऊन जा दादा, काटक आहेत, मरत नाहीत." मी ते गोल्डफिशच्या टाकीत सोडून दिले. काही आठवड्यांनी एका सकाळी पाहतो तर चारही गोल्डफिश वरच्या एका कोपऱ्यात दाटीवाटीनं उभे, शेपट्या कुरतडलेल्या, आणि बाकीची सगळी टाकी त्या दोघांच्या ताब्यात. तळाशी आडव्या ठेवलेल्या मातीच्या कुंडीत पिल्लांचा पुंजका वळवळत होता. दुकानदार खोटं बोलला नव्हता, त्यानं अर्धंच सांगितलं होतं.

उरलेलं अर्धं पहिल्यांदाच टाकी मांडणाऱ्यांसाठी इथे लिहितो. मी राहतो इंदिरानगरला, त्यामुळे पाणी, थंडी आणि वीज या गोष्टी नाशिकच्याच हिशेबानं येतील.

आधी मासा समजून घ्या

कॉन्व्हिक्ट म्हणजे कैदी. राखाडी-निळसर अंगावर उभे काळे पट्टे, जुन्या चित्रांतल्या कैद्याच्या सदऱ्यासारखे, म्हणून हे नाव. दुकानात नुसतं 'झेब्रा' म्हणून मागितलंत तर पिशवीत झेब्रा डॅनिओ पडण्याची शक्यता जास्त, तेव्हा पूर्ण नाव घ्या. १८६७ मध्ये गुंथर या प्राणिशास्त्रज्ञानं याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. आज त्याला अमाटिटलानिया निग्रोफॅसिआटा म्हणतात. पहिला शब्द ग्वाटेमालातल्या अमाटिटलान सरोवरावरून आला, दुसऱ्याचा अर्थ काळ्या पट्ट्यांचा. हा वंश २००७ मध्ये वेगळा केला गेला, त्यामुळे जुन्या पुस्तकांत हाच मासा सिक्लासोमा किंवा आर्कोसेंट्रस या नावाखाली सापडतो.

मूळचा हा मध्य अमेरिकेचा: ग्वाटेमाला, एल साल्वाडोर, होंडुरास, निकाराग्वा. तिथल्या वाहत्या ओढ्यांत आणि नद्यांत दगडधोंडे, बुडालेली खोडं, झाडांची मुळं असतात, तिथे तो राहतो. सरोवरांच्या खडकाळ काठालाही सापडतो. किडे, अळ्या, लहान कवचधारी जीव, शेवाळ, पानं, दुसऱ्या माशांची पिल्लं असं मिळेल ते खातो. दगडांमधल्या फटीत अंडी घालतो, आणि नर-मादी दोघं मिळून पिल्लं वाढवतात. आपल्या टाकीतला त्याचा सगळा उपद्व्याप याच दोन वाक्यांतून निघतो: वाळू उकरणं, झाडं उपटणं, शेजाऱ्याला मारणं. तो बिघडलेला नसतो, ओढ्यात जे करायचं तेच करत असतो.

सिक्लिड हे कुळ आपल्याला तसं परकं नाही. कोकणातलं कालुंदर, केरळात ज्याला करीमीन म्हणतात, ते सिक्लिडच, आणि अस्सल भारतीय. बाजारात मिळणारी चिलापी, म्हणजे तिलापिया, हीसुद्धा सिक्लिड, पण ती आफ्रिकेची. १९५२ मध्ये ती भारतात आणली गेली आणि मग धरणाधरणांत पसरली. चिलापीचा मुद्दा शेवटी पुन्हा येईल.

या कुळाची एक गंमत सांगून पुढे जातो. सिक्लिडला तोंडातल्या जबड्याशिवाय घशात आणखी एक जबडा असतो. पुढच्यानं पकडायचं, मागच्यानं दळायचं. जेवल्यानंतर मासा तोंड मिटून बराच वेळ चघळताना दिसला तर घाबरू नका, दळण चालू आहे.

पायरी पहिली: पिल्लांचं काय करणार ते ठरवा

टाकी घेण्याआधी हे? हो, टाकी घेण्याआधीच. कॉन्व्हिक्टची मादी एका वेळी शंभर ते तीनशे अंडी घालते. आई-बाप इतके दक्ष असतात की त्यातली बरीच जगतात, आणि खाणंपिणं बरं असेल तर काही आठवड्यांत पुढची खेप तयार. 'तेव्हाचं तेव्हा बघू' म्हणणाऱ्यांची अवस्था मी पाहिली आहे, आरशात.

पिल्लं नको असतील तर सरळ एकच मासा पाळा. एकटा नर अतिशय रुबाबदार होतो, काचेपाशी येतो, तुम्हाला ओळखतो, हातून खातो. दोन माद्या ठेवून सुटका होईल असं मात्र समजू नका. नर नसतानाही माद्या आपापली जागा धरतात, अंडीही घालतात आणि आपसांत भांडतात.

पुढचं सगळं जोडी पाळायची ठरवली आहे असं धरून.

पायरी दुसरी: टाकी आणि तिची जागा

एका जोडीला तीन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच टाकी चांगली. त्यात जवळजवळ १०० लिटर पाणी मावतं. दोन फुटी टाकीतही जोडी राहते, पण मग त्यात दुसरा कुठलाही मासा नको, आणि नवरा-बायकोचं बिनसलं तर मादीला पळायला जागा उरत नाही. काचेच्या गोल भांड्याचा विचारही करू नका.

१०० लिटर म्हणजे पाण्याचंच वजन १०० किलो, वर वाळू, दगड, काच. शोकेसची फळी हे पेलत नाही. लोखंडी स्टँड घ्या, टाकीखाली थर्माकोलचा पत्रा टाका. पश्चिमेच्या खिडकीत ठेवू नका, एप्रिल-मे मध्ये पाणी तापतं आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. वर झाकण हवंच. पाठलाग सुरू झाला की मासे उडी मारतात.

वायर सॉकेटला लावताना ती आधी सॉकेटच्या खाली लोंबू द्या आणि मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी खालच्या वळणावर ठिबकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. आणि पाण्यात हात घालण्याआधी हीटर बंद, प्रत्येक वेळी.

पायरी तिसरी: नळ की बोअर?

नाशिकमध्ये हा प्रश्न सोसायटीगणिक बदलतो. महापालिकेचं पाणी मुख्यतः गंगापूर धरणातून येतं, शुद्ध करून, क्लोरीन घालून. क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळतं. बादल्या भरून एअर स्टोन (पंपाची हवा बुडबुड्यांनी सोडणारा खडा) लावून एक दिवस ठेवा किंवा दुकानात मिळणारं अँटिक्लोरीन घाला. पहिल्या पावसानंतर पाणी गढूळ येतं आणि क्लोरीनचा वासही मला त्या दिवसांत जास्त जाणवतो, तेव्हा दोन-तीन दिवस पाणी बदलणं पुढे ढकललेलं बरं.

बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि नळाच्या तोटीवर पांढरा थर चढतो, ते. टेट्रासारख्या मऊ पाण्याच्या माशांना ते सोसत नाही, कॉन्व्हिक्टला मात्र चालतं. पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारं माप) ७ ते ८ आणि थोडे क्षार हे त्याला मानवतं. मी नाशिकच्या नवशिक्याला हाच मासा सुचवतो त्याचं अर्धं कारण हे आहे. आरओचं पाणी विकत आणून ओतण्याची काही गरज नाही. सॉफ्टनरचं पाणीही वापरू नका, त्यातला कॅल्शियम काढून सोडियम घातलेला असतो.

आता एक खास आपल्याकडची सूचना. घरी किंवा नातेवाइकांकडे द्राक्षबाग असेल तर बोर्डोची बादली टाकीच्या आसपास फिरकू देऊ नका. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, आणि मोरचुदातलं तांबं पाण्यातल्या जिवांना फार थोड्या प्रमाणातही भोवतं. बादली कितीही घासली तरी नको. टाकीसाठी वेगळी बादली, वेगळा मग, त्यावर मार्करनं 'मासे' लिहून ठेवा. याच कारणानं बागेजवळच्या शेततळ्यातून डासांच्या अळ्या पकडून आणू नका. ताज्या फुकट खाद्याचा मोह मलाही होतो.

पायरी चौथी: दगड, वाळू, गुहा

दगड विकत घेण्याइतका वेडेपणा नाशकात दुसरा नाही. आपला काळा पाषाण, बेसाल्ट, पाण्यात काही सोडत नाही. फक्त एक बघा. आपल्या दगडांच्या पोकळ्यांत पांढरे, चमकदार खडे असतात. पांडवलेण्यांच्या परिसरातल्या खाणींत अशाच पोकळ्यांत मिळणारे हिरवे अपोफिलाइट स्फटिक जगभरच्या संग्राहकांना माहीत आहेत. पांढऱ्या भागावर व्हिनेगरचे थेंब टाका. फेस आला तर त्यात कॅल्साइट आहे, पाणी आणखी जड होईल. बोअरचंच पाणी वापरत असाल तर असा दगड राहू द्या बाहेर. बाकीचे घासून, गरम पाण्यानं धुऊन घ्या. साबण लावू नका.

दगड रचताना ते आधी काचेवर टेकवा आणि मग भोवती वाळू टाका. वाळूवर दगड ठेवलात तर मासे खालून वाळू उकरतात आणि ढीग कोसळतो. तळाला काच असते, हे लक्षात ठेवा. वाळू दोन इंच पुरे, पाणी नितळ निघेपर्यंत धुतलेली. हे काम कंटाळवाणं आहे, पोरांना लावा.

गुहेसाठी कुंभाराकडून मातीची बिनरंगी छोटी कुंडी आणा, चार-पाच इंचांची. ती आडवी ठेवा, तोंड थोडं काचेकडे वळवून, म्हणजे आतलं दिसेल. एक नव्हे, दोन कुंड्या ठेवा, दोन टोकांना. एक घर होईल, दुसरी रुसायला.

झाडं लावू नका, ती दोन दिवसांत तरंगतात. मनी प्लांटची फांदी घ्या, मुळं पाण्यात आणि पानं टाकीबाहेर राहतील अशी अडकवा. मुळं पाण्यातलं नायट्रेट शोषून घेतात. तळाला देशी बदामाची दोन-तीन वाळकी पानं टाका, धुऊन. ती कशाला ते पुढे कळेल.

पायरी पाचवी: महिनाभर रिकामी टाकी चालवा

सगळ्यात जास्त मासे याच पायरीवर मरतात, कारण ही पायरी कोणी करतच नाही. टाकी शनिवारी आणायची, मासे रविवारी सोडायचे, पुढच्या रविवारी 'पाणी लागलं नाही' म्हणायचं.

खरं असं होतं. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे थोड्या प्रमाणात सोसतं आणि पाणी बदलून काढता येतं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर वस्ती करतात, आणि वस्ती पुरेशी वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर स्पंज फिल्टर किंवा हँग-ऑन (टाकीच्या कडेला टांगायचा) फिल्टर चालू ठेवा, रोज चिमूटभर खाद्य टाकून ते कुजू द्या, आणि टेस्ट किटनं पाणी तपासत राहा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसू लागलं की टाकी तयार. ओळखीच्या कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला मळका स्पंज मिळाला तर काम बरंच लवकर होतं. तो स्पंज नळाखाली धुवायचा नाही, क्लोरीननं जिवाणूच मरतात. कायमच स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळायचा.

बोअरच्या पाण्याचा एक तोटा इथे समोर येतो. पीएच ७ वरून ८ वर गेला की अमोनियातला विषारी भाग सुमारे दहापट होतो. मऊ पाण्यात जी चूक खपून जाते, ती आपल्याकडे खपत नाही.

पायरी सहावी: जोडी निवडा

या माशात रंगाचा मामला उलटा आहे, देखणी मादी असते. तिच्या पोटाच्या बाजूला केशरी-तांबूस खवले चमकतात. नर मोठा, १० ते १२ सेंटीमीटरपर्यंत वाढतो, त्याच्या पाठीचे आणि पोटाखालचे पर लांब, टोकदार. वय झालं की त्याच्या कपाळावर टेंगूळ येतं. मादी त्याच्यापेक्षा लहान. गुलाबी कॉन्व्हिक्ट दिसतो तो हाच मासा, पट्टे गेलेला.

पैसे आणि जागा असेल तर पाच-सहा लहान आणा, त्यांना स्वतः जोडी जमवू द्या, जमली की बाकीचे परत करा. ठरवून केलेल्या लग्नात नर मादीहून थोडाच मोठा बघा. दुपटीनं मोठा नर मादीला मारतो. पर मिटून कोपऱ्यात बसलेला, पोट खपाटीला गेलेला किंवा भराभर श्वास घेणारा मासा स्वस्तात मिळाला तरी नको.

घरी आणल्यावर पिशवी टाकीत वीस मिनिटं तरंगू द्या, मग थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत घाला, शेवटी मासे जाळीनं उचलून सोडा. पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये ओता.

रोजचं बघायचं ते

दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच खायला. सिक्लिडचे बारीक दाणे, आठवड्यातून दोनदा साल काढलेला उकडलेला मटार, कधी फ्रोझन ब्लडवर्म (गोठवलेल्या लाल अळ्या). दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, पाइपनं तळाचा गाळ ओढून.

आपल्या थंडीला मात्र कमी समजू नका. मासा २४ ते २८ अंशांचा, आणि डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा रात्री दहाच्या खाली सहज उतरतो. निफाडकडे तर त्याहून खाली. बंद घरातलं पाणीही १८-१९ वर येतं, मासे सुस्त होतात, आणि मग अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येतात. लिटरमागे एक वॉट या हिशेबानं हीटर घ्या, तीन फुटी टाकीला १०० वॉटचा. नव्या पाण्याची बादलीही हातानं तपासून कोमट करून ओता. वीज गेली तर टाकीला जुनी गोधडी गुंडाळा, बॅटरीवरचा एअर पंप लावा आणि वीज येईपर्यंत खायला घालू नका.

आणि मग एके दिवशी

मादीचे पट्टे गडद होतात, पोट केशरी पेटतं. दोघं तोंडात वाळू भरभरून कुंडीबाहेर नेऊन थुंकू लागतात. मग मादी दिसेनाशी होते. कुंडीच्या आतल्या छताला चिकटवलेले बारीक पिवळट-तपकिरी दाणे दिसले की समजा. त्या संध्याकाळी मी टॉर्च मारून बघत होतो, तर आई मागून म्हणाली, "अरे, बाळंतीण आहे ती, उजेड बंद कर आधी." ती बरोबर होती. फार डोकावलं की नवशिके आई-बाप घाबरून अंडी खाऊन टाकतात.

कामाची वाटणी पाहण्यासारखी असते. मादी अंड्यांजवळ, परांनी सतत वारा घालते, बुरशी लागलेली पांढरी अंडी उचलून फेकते. नर बाहेर सीमेवर. सुमारे तीन दिवसांत अंडी फुटतात, पण पिल्लांना अजून पोहता येत नाही, नुसती वळवळतात. आई-बाप त्यांना तोंडात उचलून वाळूत केलेल्या खड्ड्यात नेतात, कधी एका खड्ड्यातून दुसऱ्यात. आणखी चार-पाच दिवसांनी पिल्लांचा ढग वर उठतो आणि आईच्या मागे निघतो. संध्याकाळ झाली की इकडेतिकडे गेलेली पिल्लं ती तोंडात गोळा करते आणि कुंडीत नेऊन थुंकते. हा कार्यक्रम बघायला आमच्या मजल्यावरची सगळी मुलं येतात.

आता ती बदामाची पानं. ओढ्यात हे मासे तळाचं पान तोंडानं उचलून उलटं करतात, म्हणजे खाली लपलेलं बारीक खाद्य पिल्लांना मिळतं. वाळूवर पोट टेकवून, पर फडफडवून गाळही उडवतात, त्याच कामासाठी. तुमच्या टाकीत पान असेल तर हेच घडताना दिसेल. पान उलटलं की पिल्लं धावतात. ओढ्यात असताना हे मासे दुसऱ्याची पिल्लंही आपल्यात घेतात, पण आपल्या पिल्लांएवढी किंवा त्यांच्याहून लहान असतील तरच. शिकारी मासा आला तर झळ वाटली जाते. ममतेत हिशेबही असतो.

पिल्लांना आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातला बारीक कवचधारी जीव) नुकतीच फुटलेली पिलं सर्वांत उत्तम, नाहीतर दाणे खलबत्त्यात पीठ करून. उकडलेल्या अंड्याचा बलक सगळे सांगतात, मी सांगणार नाही, पाणी नासतं. या काळात फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावा. आणि हात सांभाळून घाला, दहा सेंटीमीटरचा बाप चावतो.

पिल्लं वाटायची वेळ

साधारण महिना-दीड महिन्यात मादी पुन्हा अंड्यांवर येते आणि जुन्या पिल्लांना हाकलू लागते. तेव्हा ती बाहेर काढायलाच हवीत. पुढची खेप नको असेल तर अंडी दिसताच कुंडी बाहेर काढा, धुवा, परत ठेवा. अंड्याच्या टप्प्यावर हे मनाला जड जात नाही, पिल्लं पोहू लागली की जातं.

गोदावरीत सोडू नका. रामकुंडावर मासे सोडून पुण्य मिळतं अशी समजूत असलेले लोक मला भेटलेत, आणि 'बिचारी मोकळी तरी होतील' म्हणणारेही. चिलापीचं काय झालं ते आपल्यासमोर आहे. कॉन्व्हिक्टही ऑस्ट्रेलियात असाच टाक्यांतून सुटून काही पाण्यांत रुजला. काहीही खाणारा, लढणारा, पिल्लं जपणारा हा मासा आपल्या ओढ्यांत गेला तर इथल्या छोट्या माशांची अंडी आणि पिल्लंच त्याचं जेवण. गंगापूर धरण, सोमेश्वर, नासर्डी, शेततळं, विहीर, कुठेच नको.

दुकानदाराला आधी विचारा, काही जण पिल्लं घेऊन बदल्यात खाद्य देतात. दोन-तीन सेंटीमीटरची झाली की घेतात, त्याआधी नाही. ओळखीतल्यांना देताना त्यांच्याकडे गप्पी किंवा गोल्डफिश आहेत का हे विचारून घ्या, असतील तर देऊ नका. द्यायच्या आदल्या दिवशी पिल्लांना उपास घाला, म्हणजे पिशवीतलं पाणी घाण होत नाही. पिशवीत एक तृतीयांश टाकीचंच पाणी, बाकी हवा, चार-पाच पिल्लांना एक पिशवी, तोंडाला दोन रबरबँड. थंडीचे दिवस असतील तर पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवा, आणि सिडकोपासून नाशिकरोडपर्यंत दुचाकीवर न्यायची असेल तर डबा डिकीत न टाकता मागे बसणाऱ्याच्या मांडीवर द्या.